मदत हवी आहे: पिकलिंगच्या सांडपाण्यातील नायट्रेटपासून विजेच्या साहाय्याने अमोनिया, आधी चुना घालावा की कॉस्टिक सोडा?

नमस्कार मंडळी,

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात सांडपाणी प्रक्रियेचे काम मी पाहतो. वेल्डिंगनंतर पत्रा आम्लाने स्वच्छ करण्यासाठी, म्हणजे पिकलिंगसाठी, आमच्याकडे नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिक आम्लांचे मिश्रण वापरतात. वापरून क्षीण झालेल्या या आम्लात चुना घातला की लोह, क्रोमियम आणि निकेल गाळात बसतात आणि फ्लोराइडही बव्हंशी कॅल्शियम फ्लोराइडच्या रूपात खाली जाते. नायट्रेट मात्र कशानेच गाळात बसत नाही, कारण त्याचे जवळजवळ सर्व क्षार पाण्यात विरघळतात.

हे नायट्रेट तांब्याच्या कॅथोडवर (ऋणाग्रावर) विजेने अमोनियात रूपांतरित करावे, मग पाण्याचा पीएच ११ च्या वर ठेवून हवेच्या झोताने अमोनिया बाहेर काढावा आणि सल्फ्युरिक आम्लात शोषून अमोनियम सल्फेट मिळवावे, असा विचार आहे. अमोनिया वायुरूपाने निघत असल्याने उरलेसुरले धातू मागेच राहतील, ही यातली मला सर्वांत पटलेली बाजू आहे. गणित मात्र फार उदार नाही. लिटरला ६.२ ग्रॅम नायट्रेट असेल तर शंभर टक्के रूपांतर होऊनही १.७ ग्रॅमच अमोनिया हाती येतो. नायट्रेटच्या एका आयनाला आठ इलेक्ट्रॉन लागतात, म्हणून ३ व्होल्टला, एकही इलेक्ट्रॉन वाया न जाता, अमोनियाच्या किलोमागे सुमारे ३८ युनिट वीज लागेल. प्रत्यक्षात काही वीज हायड्रोजन तयार होण्यात जाणारच. खत कारखान्यांशी स्पर्धा करण्याचा हेतू अर्थातच नाही. नायट्रेटची विल्हेवाट लागून वर काही पदरात पडले तरी पुरे.

खरी अडचण त्याआधीच्या टप्प्यात आहे. चुना वापरल्यास पाण्यात भरपूर कॅल्शियम राहते, आणि कॅथोडजवळ अल्कधर्मीपणा वाढताच त्याचा पांढरा थर तांब्याच्या जाळीवर बसून पृष्ठभाग झाकतो. कॉस्टिक वापरल्यास हा थर टळतो आणि गाळही कमी होतो, परंतु फ्लोराइड पाण्यातच राहते. धनाग्राजवळ पाणी आम्ल होत असल्याने तेथे फ्लोराइड टायटॅनियमच्या धनाग्रावरचे संरक्षक ऑक्साइड खाईल, अशी मला भीती वाटते. चुन्यानंतर सोडा अॅश घालून कॅल्शियम काढण्याचा मार्गही आहे, पण मग गाळ दोनदा गाळावा लागतो आणि आमच्याकडे फिल्टर प्रेस एकच आहे.

म्हणून अनुभवी सभासदांना विचारतो: कॉस्टिकचा मार्ग घेऊन मध्ये धन-आयन विनिमय पटल (मुख्यतः धन आयनच पलीकडे जाऊ देणारा पडदा) बसवले, सांडपाणी केवळ कॅथोडच्या कप्प्यात ठेवले आणि दुसऱ्या कप्प्यात स्वच्छ कॉस्टिक व निकेलचे धनाग्र वापरले, तर फ्लोराइड पटल ओलांडून धनाग्रापर्यंत त्रासदायक प्रमाणात पोहोचते का? तसेच, मधल्या पायरीवर तयार होणारे नायट्राइट शेवटपर्यंत अमोनियात जावे यासाठी तांब्यावर कोबाल्टचा मुलामा देणे या पाण्यात टिकेल का?

जैविक पद्धतीने नायट्रेटचे नायट्रोजनमध्ये रूपांतर करता येते, हे मला माहीत आहे. कृपया त्याऐवजी वरच्या दोन मुद्द्यांवरच लिहावे. कोणी धातूकामाच्या खऱ्या सांडपाण्यावर असा विद्युत घट चालवला असेल, तर त्यांनी पटल किती लवकर खराब झाले तेही सांगावे.