‘करंडक’ की डायाटम? आणि ‘प्लेट’ला काय म्हणायचं?

करवंद: शाळेतल्या प्रदर्शनासाठी जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेलच्या ‘कुन्स्टफॉर्मेन डेअर नाटूर’ (निसर्गातली कलारूपं) या चित्रसंग्रहामधल्या काही चित्रांखालचा मजकूर मराठीत करतेय. ‘प्लेट ४’, म्हणजे चौथं पानभर चित्र, डायाटमचं आहे: पाण्यातले एकपेशीय सूक्ष्म जीव. परिभाषेतला ‘करंडक वनस्पती’ हा शब्द मला आवडला म्हणून तोच घातला. सातवीतल्या मुलीनं वाचून विचारलं, “हा करंडक कोणत्या स्पर्धेचा?” आता शब्द बदलू का? आणि ‘प्लेट ४’ला काय लिहू? ‘आकृती’ फार भूमितीसारखं वाटतं.

लोलक: ‘करंडक’ अजिबात सोडू नका. डायाटमचं कवच सिलिकाचं, म्हणजे काचेच्याच जातीचं. त्याचे दोन भाग, एक किंचित मोठा, दुसऱ्यावर झाकणासारखा बसणारा. आजीचा कुंकवाचा करंडा हुबेहूब असाच होता. पेशी दुभंगली की प्रत्येक अर्धं कवच झाकण होतं आणि आत नवा, लहान तळ तयार होतो. त्यामुळे एक शाखा पिढ्यान्‌पिढ्या बारीक होत जाते. हे सगळं त्या एका शब्दात आहे.

मीठभाकर: आणि ‘वनस्पती’चं काय? डायाटमना आज कोणी वनस्पती मानत नाही. चुकीचा शब्द गोड आहे म्हणून मुलांना शिकवायचा? ‘डायाटम’ लिहा. ‘बटाटा’ पोर्तुगिजांकडून आला, आपण तो कधीच आपला करून घेतला.

लोलक: ‘वनस्पती’ गाळा, ‘करंडक’ ठेवा. ‘डायाटम’ तरी काय सांगतो? ग्रीकमध्ये दोन तुकड्यांत कापलेलं, एवढंच.

येनाहून: मी जर्मनीत राहतो, म्हणून एक भर. हेकेलनं प्रत्येक चित्राला शास्त्रीय नावासोबत जर्मन नावही दिलं होतं. डायाटमसाठी त्याचा शब्द ‘शाख्टेलिंगं’. शाख्टेल म्हणजे डबी, खोका. म्हणजे डबीवाले! आपला ‘करंडक’ आणि त्याचा शब्द एकाच वस्तूकडे बघतात. वाचून अंगावर काटा आला. ‘प्लेट’साठी त्याच्याकडे ‘टाफेल’ आहे, आणि शाळेतल्या फळ्यालाही तोच शब्द. मग ‘फलक’ का नको?

मीठभाकर: ‘फलक’ म्हटलं की ‘वाहने उभी करू नयेत’ डोळ्यांसमोर येतं.

वाळूघड्याळ: आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी सुट्ट्या कागदांवरच्या चित्रांचा गठ्ठा सांभाळतात, त्याला पोथी म्हणतात. गोष्ट सांगताना एकेक कागद पुढे धरायचा. हेकेलची शंभर चित्रंही १८९९ ते १९०४ दरम्यान दहा-दहाच्या संचांत निघाली. त्याला ‘पान ४’ म्हणा की.

लोलक: ‘पान’ सुंदर! पण मुलं पुस्तकाचं पान ४ उघडतील.

मीठभाकर: सौंदर्यावर इतके भाळू नका. ही चित्रं जरा जास्तच नेटकी आहेत. खऱ्या पेशींवर खरचटा असतो, तुटका काटा असतो. हेकेलला सममितीचं वेड होतं, ती त्यानं रेखाटनांत ओतली, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. येनाच्या अडॉल्फ गिल्टश या शिळाछापकारानं छपाईच्या दगडावर उतरवताना काम आणखी सफाईदार झालं असणार. ‘चित्र’ म्हणा, ‘नोंद’ म्हणू नका.

येनाहून: तरी त्याच हेकेलनं ‘चॅलेंजर’ या सागरी संशोधन मोहिमेच्या १८८७च्या अहवालात रेडिओलॅरियाच्या (समुद्रातले एकपेशीय सूक्ष्म जीव) साडेतीन हजारांवर नव्या जाती वर्णिल्या, १४० प्लेटा दिल्या. ते काम नोंदच आहे. आणि त्या जाळीदार कवचांवरूनच वास्तुकार रने बिनेनं १९००च्या पॅरिस प्रदर्शनाचं प्रवेशद्वार रचलं. डोळ्यांना न दिसणारा जीव, आणि त्याच्या कमानीखालून माणसं गेली!

वाळूघड्याळ: ‘प्लेटा’? अनेकवचन ‘प्लेट्स’ की ‘प्लेटा’?

मीठभाकर: मराठीत रुळलाय ना, मग ‘प्लेटा’च.

लोलक: इथे माझा विरोध. ‘बशा’ची सवय आहे म्हणून ‘प्लेटा’ चालत नाही.

करवंद: उद्या छपाईला द्यायचंय. ‘करंडक’ ठेवतेय, शेजारी खऱ्या करंड्याचा फोटो लावीन. तो कोणाकडे आहे का? ‘प्लेट’चं मात्र अजून ठरलं नाही.

शेवंती: करंडा नाही, पण आईची पितळी कुयरी आहे. आमच्याकडे कुंकू कुयरीतच असायचं. फिरतं झाकण आणि एका टोकाला बाक. काही डायाटम अगदी तसे वाकडे असतात, मग त्यांना ‘करंडक’ कसं म्हणायचं?