मदत हवी आहे: घरगुती चित्रणाच्या जुन्या डीव्हीडींचा बॅकअप, कॉपी मध्येच अडकते

रीळ

साधारण 60 डिस्कचा बॅकअप संगणकावर घ्यायचा आहे. बहुतेक डीव्हीडी-आर, थोड्या डीव्हीडी-प्लस-आर, आणि चार 8 सेंमीच्या कॅमकॉर्डरमधल्या छोट्या डिस्क. सगळं घरगुती चित्रण आहे, कोणत्याही डिस्कला कुलूप नाही. विंडोज 10, यूएसबीवर चालणारा स्लिम ड्राइव्ह.

व्हिडिओ_टीएस फोल्डर सरळ ओढून हार्ड डिस्कवर टाकला. 40 एक डिस्क नीट उतरल्या. बाकीच्यांत एखाद्या व्हीओबी फाइलवर (चित्र आणि आवाज याच फाइलींत असतात) वेग शून्यावर येतो, ड्राइव्ह घरघरतो आणि शेवटी सीआरसीची (मजकूर नीट वाचता न आल्याची) चूक येऊन कॉपी थांबते. त्याच डिस्क टीव्हीखालच्या प्लेअरवर चालतात, एखाद्या ठिकाणी क्षणभर चौकोन दिसतात इतकंच. छोट्या चारपैकी दोन संगणकाला कोऱ्या दिसतात.

विचारायचं ते असं: प्लेअरला जमतं ते संगणकाला का जमत नाही? बॅकअप फोल्डर म्हणून ठेवावा, आयएसओ (पूर्ण डिस्कची एकच फाइल) म्हणून, की थेट एमपी4 करावा? आणि कोऱ्या दिसणाऱ्या डिस्कचं काय?

सेक्टर2048

आधी एक विनंती. कोऱ्या दिसणाऱ्या डिस्क घातल्यावर विंडोज "ही डिस्क कशी वापरायची" असं विचारेल. तिथे रद्द करा. फॉरमॅट किंवा बर्नला हो म्हटलंत तर चित्रण कायमचं जाऊ शकतं.

आता प्लेअरचं. प्लेअरचं काम चित्र पुढे ढकलत राहणं. एखादा भाग वाचता आला नाही तर तो सोडून पुढे जातो आणि पडद्यावर चौकोन येतात. फाइल कॉपी करणाऱ्याला अशी सूट नाही. त्याला प्रत्येक बाइट हवा, एक जरी मिळाला नाही तरी तो अख्खी फाइल नापास करतो. व्हीओबीचा एक तुकडा 1 जीबीपर्यंतचा असतो, म्हणजे केसाएवढ्या ओरखड्यापायी 1 जीबी हातचा जातो.

डीव्हीडीवर चूकदुरुस्ती 16 सेक्टरच्या गठ्ठ्याने होते. सेक्टर 2048 बाइटचा, म्हणून गठ्ठा 32 केबीचा. दुरुस्ती हरली की पूर्ण गठ्ठा जातो. पण 2 तास भरलेल्या डिस्कचा सरासरी बिटरेट सेकंदाला सुमारे 5 मेगाबिट असतो. त्या हिशोबाने 32 केबी म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. प्रत्यक्षात डाग जास्त वेळ दिसतो, कारण एमपीईजी-2 मध्ये (डीव्हीडीवर चित्र दाबून ठेवायची पद्धत) पुढच्या फ्रेम मागच्यांवर अवलंबून असतात आणि पाल (PAL) या टीव्ही पद्धतीत अशा 15 पर्यंत फ्रेमचा एक गट असतो. तरी जास्तीत जास्त अर्ध्या-पाऊण सेकंदाचं नुकसान. एवढ्यासाठी पूर्ण फाइल सोडायची गरज नाही.

म्हणून पहिलं काम आयएसओ इमेज. फोल्डर नको आणि थेट एमपी4 तर मुळीच नको. डिस्कचा रंगथर (ज्यात चित्रण लिहिलं जातं) दिवसेंदिवस खराब होतोय, रूपांतर मात्र पुढे कधीही करता येईल. चांगल्या डिस्कसाठी इमबर्न पुरेसं आहे: "डिस्कवरून इमेज फाइल तयार करा" हा पर्याय, वाचनाचा वेग 4एक्स. हट्टी डिस्कसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून जमेल तेवढं वाचणारी आज्ञा), तेही लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे संगणक थेट पेनड्राइव्हवरून सुरू करून.

तबकडी

डीडीरेस्क्यू चालवण्याआधी डिस्क पुसा. निम्म्या डिस्क तेवढ्यानेच वाचू लागतात. मऊ सुती किंवा चष्म्याचं कापड, मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका. गोलाकार ओरखडा वाचनाच्या मार्गाबरोबर लांबवर पळतो आणि सलग बरेच सेक्टर घेऊन जातो. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात थोडासाच आड येतो आणि चूकदुरुस्ती त्याला पचवते. चिकट डाग असेल तर कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावलंत तर पॉलिकार्बोनेट पांढरं पडेल.

कागदी लेबल चिकटवलं असेल तर सोलू नका. सीडीचा चकाकणारा थर लेबलच्या अगदी खाली असतो, तो कागदाबरोबर निघून येतो. डीव्हीडीत हा थर 0.6 मिमीच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती थोडी सुरक्षित. पण सोलताना वाकली तर त्या दोन चकत्या सुटू लागतात. लेबलमुळे डिस्क थरथरत असेल तर वेग कमी करणं हाच उपाय.

यूएसबी ड्राइव्हबद्दलही सांगतो. स्लिम ड्राइव्हला फिरकी घेताना एका साध्या पोर्टमधून मिळते त्याहून जास्त वीज लागू शकते. वीज कमी पडली की ड्राइव्ह मध्येच नाहीसा होतो आणि आपण डिस्कला दोष देतो. दोन तोंडांची केबल असेल तर दोन्ही टोकं जोडा, नाहीतर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब वापरा.

रीळ

धन्यवाद दोघांनाही. पुसल्यावर 20 पैकी 9 डिस्क इमबर्नने पूर्ण वाचल्या. इमेज पेनड्राइव्हवर टाकताना मात्र "फाइल फार मोठी आहे" असं येतं, जागा तर भरपूर आहे. आणि डीडीरेस्क्यूला पर्याय कोणते द्यायचे?

सेक्टर2048

पेनड्राइव्ह फॅट32 असणार. त्यात एक फाइल 4 जीबीच्या वर जात नाही आणि भरलेली डीव्हीडी 4.38 जीबीची होते. खोक्यावरचे 4.7 जीबी दशमान पद्धतीचे, विंडोज 1024 च्या पटीत मोजतं, म्हणून आकडा कमी दिसतो. पेनड्राइव्ह एक्सफॅट करा, आधी त्यावरचा मजकूर हलवून.

डीडीरेस्क्यू दोन फेऱ्यांत चालवा. पहिल्या फेरीत "-एन" हा पर्याय आणि "-बी" ने सेक्टरचा आकार 2048. या फेरीत तो सहज मिळेल ते सगळं उचलतो आणि अवघड जागी अडून बसत नाही. दुसऱ्या फेरीत "-एन" काढा, "-डी" म्हणजे थेट वाचन आणि "-आर3" म्हणजे राहिलेल्या जागी तीन जादा प्रयत्न. दोन्ही वेळा तीच इमेज फाइल आणि तीच मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) द्यायची. लोक मॅपफाइल द्यायचंच विसरतात. ती नसेल तर दुसरी फेरी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि मरू घातलेली डिस्क उगाच पूर्ण फिरते.

मॅपफाइलचा खरा फायदा दुसऱ्या ड्राइव्हवर दिसतो. एका ड्राइव्हला न वाचलेले सेक्टर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह बऱ्याचदा वाचतो, कारण लेझर आणि चूकदुरुस्तीचा भाग वेगळा असतो. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला, तीच आज्ञा पुन्हा द्या, तो फक्त उरलेल्या जागा वाचेल. डेस्कटॉपमधला जुना पूर्ण उंचीचा ड्राइव्ह मिळाला तर या कामी स्लिमपेक्षा तोच घ्यावा.

रीळ

11 पैकी 8 डिस्क शंभर टक्के उतरल्या! दोन डिस्कमध्ये मिळून 96 केबी राहिले. एका डिस्कचे मात्र बाहेरच्या कडेचे 200 एमबी वाचलेच जात नाहीत, उरलेला आकडा तासन्‌तास तिथेच.

तबकडी

96 केबी म्हणजे तीन गठ्ठे, त्याचा नाद सोडा. इमेज उघडून ती जागा पाहा, बहुधा चित्र क्षणभर फुटलेलं दिसेल.

200 एमबीची डिस्क उजेडासमोर धरा. बाहेरच्या कडेला तपकिरी छटा किंवा ढगासारखे पट्टे दिसले तर रंगथर गेलाय. डीव्हीडी आतून बाहेर भरत जाते, त्यामुळे हे नुकसान नेहमी चित्रणाच्या शेवटच्या भागात येतं. अशा डिस्कला पॉलिशचा काही उपयोग नाही. पॉलिश पृष्ठभागाच्या ओरखड्यांसाठी असतं आणि इथे दुखणं आत आहे. वेग 2एक्सवर आणून दुसऱ्या ड्राइव्हवर एकदा पाहा. तासाभरात आकडा हलला नाही तर थांबा आणि मिळालेली इमेज जपा.

आडवी रेघ

छोट्या डिस्कचं मी सांगते. त्या "फायनलाइझ" झालेल्या नाहीत. चित्रण आहे, पण फाइलींची यादी डिस्कवर लिहायची राहिलीय, म्हणून संगणकाला कोरी दिसते. मूळ कॅमकॉर्डर चालू असेल तर त्याच्या मेनूतून फायनलाइझ करा, चार्जर जोडूनच. मध्येच बॅटरी संपली तर डिस्क अर्धवट राहते. कॅमकॉर्डर नसेल तर आयसोबस्टर हे सॉफ्टवेअर डिस्कभर शोध घेऊन व्हीओबी सापडवतं. यादी पाहून सापडतंय का ते आधी तपासा, मग पैसे भरा.

फायनलाइझ झाल्यावर व्हिडिओ_टीएसऐवजी डीव्हीडी_आरटीएव्ही नावाचा फोल्डर आणि त्यात .व्हीआरओ फाइल दिसली तर घाबरू नका, ते व्हीआर पद्धतीचं रेकॉर्डिंग. आत एमपीईजी-2 च आहे, व्हीएलसीत चालतं. आणि या डिस्क ट्रेमधल्या आतल्या खाचेत ठेवायच्या. ओढून घेणाऱ्या फटीच्या ड्राइव्हमध्ये घालू नका, अडकतात.

पडदा

इथेच विचारतो. विकत घेतलेल्या सिनेमाच्या डिस्कलाही हीच पद्धत चालेल का?

सेक्टर2048

नाही. त्यांच्यावर बहुधा सीएसएस हे कुलूप असतं. त्याच्या किल्ल्या डिस्कच्या लीड-इन भागात आणि सेक्टरच्या शीर्षकात असतात. साध्या फाइल कॉपीत त्या येतच नाहीत, म्हणून कॉपी पूर्ण झाल्यासारखी वाटते आणि चालवली की हिरवे-गुलाबी चौकोन. ते कुलूप तोडायला बऱ्याच देशांत कायद्याची मनाई आहे, डिस्क स्वतःची असली तरी. आपल्या इथला कायदा पाहूनच काय ते ठरवा. या धाग्यातली कृती बिनकुलपाच्या डिस्कसाठीच आहे.

रीळ

एका छोट्या डिस्कचं कॅमकॉर्डरवर फायनलाइझ झालं, दुसरीचं आयसोबस्टरने सापडलं. आता पाहण्यासाठी हलक्या फाइली करायच्या आहेत. मेकएमकेव्ही या सॉफ्टवेअरने काही डिस्कमधले छोटे तुकडे दाखवलेच नाहीत.

आडवी रेघ

मेकएमकेव्ही मुळात 120 सेकंदांपेक्षा छोटी टायटल (डिस्कवरचे स्वतंत्र भाग) वगळतं. सिनेमासाठी ते ठीक, कॅमकॉर्डरच्या तुकड्यांसाठी नाही. सेटिंगमध्ये ती मर्यादा 1 सेकंदावर आणा. ते पुन्हा एन्कोड करत नाही, चित्र जसंच्या तसं एमकेव्हीत ठेवतं. व्हीओबी हाताने जोडण्यापेक्षा हे चांगलं. हाताने जोडताना लोक शेवटी 0 असलेली मेनूची व्हीओबीही घेतात. शिवाय प्रत्येक तुकड्यापाशी वेळेची मोजणी नव्याने सुरू होते, मग आवाज पुढे-मागे होतो.

एमपी4 हवा असेल तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये आयएसओ थेट उघडा. एच.264, आरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितकं चित्र चांगलं) 18 ते 20. क्रॉप स्वतः बंद करा, कारण अंधाऱ्या दृश्यांत आपोआप क्रॉप कडा कापतो. पाल कॅमकॉर्डरचं चित्रण बहुतेक वेळा इंटरलेस्ड असतं, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन क्षणांच्या ओळी एकाआड एक असतात. डीइंटरलेसमध्ये बॉब निवडून फ्रेम दर 50 ठेवा, म्हणजे धावणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारखे दात येणार नाहीत आणि हालचालही मूळसारखी गुळगुळीत राहील. 25 ठेवलात तर निम्मी हालचाल कायमची जाते.

रीळ

समजलं. मग आयएसओ उडवून टाकल्या तर चालतील?

सेक्टर2048

ठेवा. 60 डिस्क अगदी काठोकाठ भरलेल्या धरल्या तरी 282 जीबी होतात, 500 जीबीच्या एका डिस्कवर आरामात मावतात. प्रत्येक आयएसओचा एसएचए-256 (फाइल तीच आहे का हे तपासायचा ठसा) काढून शेजारी मजकूर फाइलीत लिहा. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा तो काढून देते. दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी केल्यावर तिथे पुन्हा काढा आणि जुळवा. फाइलीच्या नावात डिस्कवर हाताने लिहिलेली तारीख घाला, आणि मॅपफाइलही सोबत असू द्या. 200 एमबीवाली डिस्क फेकू नका. पुढे एखादा चांगला ड्राइव्ह मिळाला तर त्याच मॅपफाइलवरून काम तिथूनच पुढे सुरू होईल.