'टिकाऊ' अन्नव्यवस्था की 'शाश्वत'?

कोराकागद: डिझाइन थिंकिंग (वापरणाऱ्याची अडचण आधी समजून घेऊन मग उपाय शोधायची पद्धत) वापरून सस्टेनेबल अन्नव्यवस्था कशी उभारावी, अशा एका प्रशिक्षण-पुस्तिकेचं भाषांतर करतोय. मी 'टिकाऊ अन्नव्यवस्था' लिहिलं. मुद्रितशोधक म्हणतात, वाचकाला डबाबंद माल वाटेल. 'शाश्वत' मला जड जातो. तिसरा शब्द आहे का?

पोथीवाले: मुद्रितशोधकांचं बरोबर आहे. टिकाऊ चप्पल असते. 'शाश्वत विकास' पाठ्यपुस्तकांपर्यंत रुळलाय, आता नवं खूळ कशाला?

उचापती: रुळला म्हणून बरोबर ठरला? मूळ 'शश्वत्', म्हणजे नित्य, कायमचं. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने 1987 साली सस्टेनेबल विकासाची व्याख्या केली, तीत कायमचं काहीच नाही. आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या तोंडचा घास काढू नका, असा साधा मथितार्थ. आत्मा शाश्वत असेल, शेती कशी असेल? मी 'तगणारी' म्हणेन.

पोथीवाले: आजारी माणूस तगतो हो.

समासातली: डिझाइन थिंकिंगचं कृपा करून 'अभिकल्प-विचार' करू नका, आहे तसं ठेवा. खरी गोची त्याच्या पहिल्या पायरीत आहे, एम्पथीत, म्हणजे दुसऱ्याच्या जागी जाऊन बघण्यात. 'सहानुभूती' लिहिलंत की वाचक कीव करायला लागतो. आमच्या कॅन्टीनमध्ये 'अन्न वाया घालवू नका' ही पाटी वर्षानुवर्षं लटकत होती, उपयोग शून्य. मग दोघंजण खरकटी ताटं ठेवतात तिथे जाऊन उभे राहिले. कोण काय टाकतं ते बघितलं, का ते विचारलं. वाढायचा डाव मोठा होता आणि मागे रांग खोळंबलेली, त्यामुळे 'अर्धाच द्या' म्हणायला कुणी थांबत नव्हतं. डाव लहान केला, लागलं तर परत घ्या म्हणून सांगितलं. टाकणं कमी झालं. यात सहानुभूती कुठे आली?

उचापती: 'समानुभूती' आहे की.

समासातली: आहे, पण ती फक्त कार्यशाळेत भेटते.

गाळीव: 'नासाडी'चंही बघा. अन्न व कृषी संघटना दोन गोष्टी वेगळ्या धरते. काढणीनंतर किरकोळ दुकानापर्यंत पोचण्याआधी जातं ते एक, आणि दुकान, खानावळ, घर इथे जातं ते दुसरं. पहिल्याचा 2019चा अंदाज जगातल्या अन्नाच्या सुमारे 14 टक्के. दुसरं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार 2022 साली जगभरात 105 कोटी टन, त्यातलं साठेक टक्के घरातलं. पहिल्यावर उपाय शीतगृह नि वाहतूक, दुसऱ्यावर तो डाव. दोन्हींना 'नासाडी' म्हटलं तर पुस्तिका वाचणारा चुकीच्या दारात उभा राहील. मी 'गळती' आणि 'टाकणं' असे दोन करीन.

पोथीवाले: 'गळती' नळाची. 'नुकसान' काय वाईट आहे?

उचापती: नुकसान मूळचं अरबी, फारसीतून आलेलं. तुम्हाला चालतं वाटतं?

पोथीवाले: चालतं. रुळलंय.

कोराकागद: शीर्षक उद्या द्यायचंय हो.

गाळीव: समासातली, डाव कसला? पातळ वाढायला ओगराळं.

समासातली: पातळ कोण म्हणालं?