टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक: चिखलात टिकणार कोण?

प्रश्न: मुलाला सरावासाठी जुनी डर्ट बाइक घेतोय. १२५ सीसी टू-स्ट्रोक किंवा २५० सीसी फोर-स्ट्रोक. दुरुस्ती घरीच करणार. कोणती कमी रडवेल?

उत्तर: टू-स्ट्रोकच घ्या. मी १२ वर्षं चालवतोय. फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, ते उघडणारा कॅम नाही. पिस्टन-रिंगा एका दुपारी बदलून होतात. फक्त पेट्रोलमध्ये ऑइल मापूनच घाला. ३२:१ म्हणजे लिटरभर पेट्रोलला साधारण ३१ मिली ऑइल. एकदा घाईत मी अंदाजे ओतलं आणि चढावर पिस्टन जाम. सिलिंडर उघडला तर नखाला अडकतील असे ओरखडे!

उत्तर: फोर-स्ट्रोकही दणकट असते हो. पण एअर फिल्टर मळका राहिला की इनटेक व्हॉल्व्ह झिजतात, क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची फट) कमी होतो, मग गाडी लवकर सुरू होत नाही आणि किका मारून पाय दुखतो. आणि इंजिन उघडायचं तर खिसा रिकामा.

प्रश्नकर्ता: टू-स्ट्रोक ठरली. मापाचा कप आजच आणतो.