शस्त्रकंपनीचे प्रायोजकत्व आणि आपला संघ

प्रश्न (सांगली): मी येथील युद्धविरोधी सभांना नियमित जातो आणि बोरुसिया डॉर्टमुंड या जर्मन फुटबॉल क्लबचा निस्सीम चाहताही आहे, परंतु २०२४ मध्ये क्लबने ऱ्हाइनमेटाल या शस्त्रनिर्मिती कंपनीचे प्रायोजकत्व स्वीकारल्यापासून हा पाठिंबा माझ्या भूमिकेशी विसंगत वाटतो. आपण काय केले असते?

उत्तर (मिरज): संघ सोडू नका. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सर्वसाधारण सभेत उपस्थित सभासदांनी बहुमताने या करारास विरोध नोंदवला. तेही चाहतेच होते.

उत्तर (तासगाव): तो ठराव क्लबवर बंधनकारक नव्हता, हे मिरजकरांनी सांगितले नाही. माझ्या मते सामने अवश्य पाहावेत, जर्सी मात्र विकत घेऊ नये.

प्रश्नकर्ता: जर्सी आधीच घेतली आहे. सभासदत्वाची चौकशी करतो.