मदत हवी आहे: अँटिबॉडी असूनही भावाचा सीएमव्ही वाढला कसा?

पूर्णाकाठ:

नमस्कार मंडळी. एरवी इथे नुसता वाचत असतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही वसमतजवळचे. पाच महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्या भावाचं पुण्यात किडनी ट्रान्सप्लांट झालं. किडनी मायची. त्याआधीचं दीड वर्ष नांदेडला डायलिसिसच्या चकरा, त्यातच हळद काढणी, ते सगळं सोडून देतो. ऑपरेशन चांगलं झालं. पहिले तीन महिने बाकीच्या गोळ्यांसोबत व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ही विषाणू दाबणारी गोळी होती, ती ठरल्याप्रमाणे बंद केली. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी बारीक ताप, जुलाब, जेवणावरची वासना गेलेली. इकडे टायफॉइड धरून सलाईन लावलं. पांढऱ्या पेशी २,६०० आल्या तेव्हा माझं धाबं दणाणलं आणि पुण्याला फोन केला. त्यांनी सीएमव्हीचा (सायटोमेगॅलोव्हायरस नावाचा विषाणू) पीसीआर सांगितला, म्हणजे रक्तात हा विषाणू किती आहे ते मोजणारी तपासणी. परभणीहून सॅम्पल बाहेर गेलं, तीन दिवसांनी आकडा आला: १८,४०० आययू प्रति मिली.

गोळी पुन्हा सुरू झाली, आता दिवसातून दोनदा. मायकोफेनोलेट, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, त्याचा डोस त्यांनी निम्मा केला. पीसीआर दर आठवड्याला. उपचारांवर माझा विश्वास आहे, ते इथे बदलून घ्यायचे नाहीत. मला समजून घ्यायचंय, कारण घरात सगळे मलाच विचारतात.

ट्रान्सप्लांटआधीच्या फायलीत भावाचा आणि मायचा, दोघांचाही सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह आहे. भावाचा तर भरपूर. आयजीजी म्हणजे अँटिबॉडी, अँटिबॉडी म्हणजे संरक्षण, एवढं तर कोविडने सगळ्यांना शिकवलं. मग घरात बंदूक असताना चोर शिरला कसा? ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर एवढंच म्हणाले, "टी सेल्स दाबल्यात ना, थोड्या मोकळ्या केल्या की तेच सांभाळतील." म्हणजे काय?

दुसरं, मामा रोज गुळवेलीचा काढा घेऊन दारात उभे. "प्रतिकारशक्ती कमी झालीय ना, मग वाढवा की!" तर्क ऐकायला बरोबर वाटतो, तीच तर अडचण आहे.

आणि खरं सांगायचं तर हा धागा काढला तो मायसाठी. तिच्या कानावर कुठून तरी आलं की हा विषाणू दिलेल्या किडनीतून येतो. चार दिवस झाले, धड जेवत नाही. काल म्हणाली, "माह्यातलंच गेलं का रे त्याच्यात?" मला उत्तर देता आलं नाही.

झब्बू:

असले प्रश्न डॉक्टरांना विचारावेत, धागे काढून काय होणार?

पूर्णाकाठ:

विचारलेत दादा. वर लिहिलंय.

काचपट्टी:

मी डॉक्टर नाही. संभाजीनगरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. डोस सोडून बाकीचं बोलते.

आधी ती चोराची उपमा टाकून द्या. हा बाहेरून शिरलेला नाही, घरातलाच आहे. सीएमव्ही म्हणजे कांजिण्या आणि नागिणीच्या विषाणूचा भाऊबंद. ह्या कुळाची खोडच अशी की एकदा आला की जन्माचा मुक्काम. आपल्याकडे मोठ्या माणसांत नव्वद टक्क्यांहून जास्त लोक आयजीजी पॉझिटिव्ह असतात. लहानपणी लाळेतून, लघवीतून, अंगावरच्या दुधातून येतो, बहुतेकांना कळतही नाही. मग अस्थिमज्जेतल्या मूळपेशींत आणि रक्तातल्या मोनोसाइट पेशींत गप्प पडून राहतो. ह्या पेशी पुढे मॅक्रोफेज किंवा डेन्ड्रिटिक ह्या प्रतिकाराच्या पेशी व्हायला लागल्या, कुठे सूज-दाह झाला, की जागा होतो. तुमच्या-माझ्यातही तो अधूनमधून डोकं वर काढत असतो. काढलं रे काढलं की चेचला जातो, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही.

आता चेचतं कोण? अँटिबॉडी पेशीच्या बाहेर तरंगणारा विषाणू धरते. पेशीच्या आत तिला शिरकाव नाही, आणि हा महाशय एका पेशीतून थेट शेजारच्या पेशीत सरकू शकतो. वर अँटिबॉडीचं मागचं टोक धरून तिला निकामी करणारी प्रथिनंही स्वतःच बनवतो. अँटिबॉडी अगदीच बिनकामाची असं मी म्हणत नाही. २००९ साली निकाल आलेल्या एका लसीच्या चाचणीत, ती लस मुख्यतः अँटिबॉडीवरच बेतलेली होती, पहिला संसर्ग जवळपास निम्म्याने कमी झाला होता. पण आधीच मुक्कामाला असलेल्याला दाबून ठेवायचं तर तेवढ्यावर भागत नाही. तुमच्या फायलीतल्या पॉझिटिव्ह आयजीजीचा अर्थ "ओळख झालेली आहे" इतकाच. पहारा चालू आहे की नाही, हे तो आकडा सांगत नाही.

पहारा टी पेशींचा (टी सेल्स), त्या पांढऱ्या पेशींतलाच एक प्रकार. आपली प्रत्येक पेशी आत जी प्रथिनं बनतात त्यांचे तुकडे एचएलए नावाच्या खुंटीवर बाहेर टांगत असते. सीडी८ टी पेशी दारोदार फिरून ते तुकडे तपासतात. सीएमव्हीचा तुकडा दिसला, विशेषतः पीपी६५ किंवा आयई१ ह्या प्रथिनांचा, की ती पेशी मारतात. शिवाय इंटरफेरॉन गॅमा हे निरोपाचं प्रथिन सोडून आजूबाजूच्या पेशींना सावध करतात. सीडी४ टी पेशी त्यांना पाठबळ देतात. एचआयव्हीत सीडी४ पन्नासच्या खाली गेल्या की सीएमव्ही डोळ्याच्या पडद्यावर उतरतो, तो उगाच नाही. २००५ च्या एका अभ्यासात दिसलं की पॉझिटिव्ह माणसाच्या स्मृती टी पेशींपैकी सरासरी दहा टक्के एकट्या सीएमव्हीच्या मागावर असतात. दहातली एक भाकरी ह्या एकाच पाहुण्याच्या नावाने, तीही आयुष्यभर!

का लागतात इतक्या? कारण समोरचा पक्का आहे. त्याची यूएस२ आणि यूएस११ ही प्रथिनं खुंटीच मोडून टाकतात, यूएस६ तुकडा खुंटीपर्यंत पोचू देत नाही. मग एनके (नॅचरल किलर) पेशी येतात, त्याही पांढऱ्या पेशींतल्याच. त्यांचं उलटं असतं, ज्या दारात खुंटीच नाही तिथे त्यांना संशय येतो. तर ह्याने यूएल१८ नावाची नकली खुंटी तयार ठेवलीय! वर्गात हा भाग शिकवताना मला दरवेळी ह्या विषाणूचं कौतुक वाटतं आणि दरवेळी थोडी लाजही वाटते. एनके पेशींचं वजन किती ते १९८९ मध्ये छापून आलेल्या एका मुलीच्या केसवरून कळलं. तिच्यात ह्या पेशीच नव्हत्या, आणि कांजिण्या, सीएमव्ही, हर्पिस सिम्प्लेक्स, तिघांनीही तिला गंभीर आजारी पाडलं.

आता तुमच्या भावाकडे येऊ. ऑपरेशनच्या वेळी एटीजीचं इंजेक्शन दिलं होतं का बघा. ते टी पेशी सरळ मारतं. टॅक्रोलिमस हे रोजचं औषध टी पेशीला मिळणारा "ऊठ" हा निरोप अडवतं. मायकोफेनोलेट त्यांची संख्या वाढू देत नाही. हे सगळं किडनी टिकावी म्हणून मुद्दाम केलेलं. पण जुन्या अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी आपलं काम करत राहतात. म्हणून कागदावर आयजीजी भरपूर आणि पहाऱ्यावर कुणी नाही. पहिले तीन महिने पहाऱ्याचं काम व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरची गोळी करत होती, ती थांबली आणि उघडं पडलं. मायकोफेनोलेटचा डोस निम्मा केला तो त्या पहारेकऱ्यांना जागा करून देण्यासाठी.

काळी_माती:

ताई, आमच्या भाषेत सांगू का? हराळी आहे ही. रानातून हराळी कधी जात नसते, खाली गाठी राहतातच. खुरपणाऱ्या बाया येत राहिल्या तर दिसत नाही. पंधरा दिवस बाया आल्या नाहीत की धुरा सोडून पिकात. गोळी म्हणजे तणनाशक, वरचं जाळतं.

काचपट्टी:

हे मी उद्या वर्गात वापरणार. गोळीबद्दलही अगदी बरोबर. विषाणू आपला डीएनए उतरवून घेत असताना गोळी त्यात खोडा घालते. झोपलेल्याला ती हातही लावत नाही.

लातूरचा_सातवा_वर्धापनदिन:

माझी किडनी सात वर्षांची झाली, बायकोने दिलेली. सीएमव्हीतून मीही गेलोय.

भाऊ, काढा दारातच थांबवा. मामांना एवढंच सांगा: पहारेकरी उठवायचा, पण तो उठला की फक्त विषाणूलाच बघेल ह्याची हमी कोण देणार? त्याला मायची किडनीही परकीच दिसते. डॉक्टर मायकोफेनोलेट मोजून-मापून कमी करतात, क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या रक्तातल्या आकड्यावर, डोळा ठेवून. काढ्याला माप नाही. शिवाय कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्यांना यकृताला सूज आल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवल्या होत्या. मामांचं मन मोडू नका, त्यांना रक्ताच्या तपासणीला सोबत न्या. माझ्या सासऱ्यांना मी हेच काम दिलं होतं. खुश होते.

अजून एक. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरनेही पांढऱ्या पेशी घटतात. आकडा बघून स्वतःच्या मनाने गोळी कमी करू नका. अर्धवट डोसावर विषाणू निर्ढावतो, मग यूएल९७ ह्या जनुकातला बदल शोधण्याची वेगळी तपासणी आणि वेगळी औषधं. पूर्ण डोस घेऊनही दोन आठवड्यांत पीसीआर उतरत नसेल तर त्या तपासणीचं डॉक्टरांना नक्की विचारा. आणि दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत.

पूर्णाकाठ:

एटीजी दिलं होतं, डिस्चार्ज कार्डावर आहे. आत्ता पाहिलं. सगळ्यांचे मनापासून आभार. काचपट्टी ताई, मायचं तेवढं राहिलं.

काचपट्टी:

मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. खोटं सांगत नाही. किडनीसोबत त्यांचा विषाणू आलेला असू शकतो. तुमच्या भावाचा स्वतःचा जागा झाला असंही असू शकतं. साध्या पीसीआरवरून दोन्हींतला फरक कळत नाही. पण भावाचा आयजीजी ऑपरेशनच्या आधीचा आहे, म्हणजे विषाणू त्याच्याकडे आधीपासून होता. खरी जोखीम असते ती देणारा पॉझिटिव्ह आणि घेणारा कोरा असला तर. इथे तसं नाही. आणि पहारा उठला तो टी पेशी दाबणाऱ्या औषधांमुळे, मायमुळे नाही. त्याला तो तान्हेपणी कुठून मिळाला असेल हे मात्र तिला सांगत बसू नका. दुधाचं नाव काढलंत तर उरलेलं जेवणही सोडेल.

पूर्णाकाठ:

अपडेट देतो. दुसऱ्या आठवड्यात पीसीआर २,१०० होता. त्यानंतर लागोपाठ दोनदा काही सापडलं नाही. ताप, जुलाब गेले. क्रिएटिनिन जागेवर आहे. गोळी डॉक्टर सांगतील तेव्हाच थांबेल.

मायला दुधाचं नाही बोललो. म्हणलं, माय, हे सगळ्यांच्याच अंगात असतं. माझ्यात आहे, शेजारच्या काकूत आहे, मामात पण आहे. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मामात बी हाय? मंग त्यालाच पी म्हणावं तो काढा." आणि ताट ओढलं.