जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: उचलण्याआधी
कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारातून जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणून बसवावा का, असं विचारलंय. बसवा, पण नुसतं गाडीचं मॉडेल सांगून उचलू नका. बॉक्सवरचा कोड तुमच्या आधीच्या बॉक्सशी जुळायला हवा. बॉक्समधलं थोडं ऑइल पांढऱ्या फडक्यावर घ्या. काळपट दिसलं, करपल्याचा वास आला, तर सरळ मागे फिरा.

माझ्या वेळी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या मेकॅनिकने कूलरचे (गिअरबॉक्सचं ऑइल थंड करतो तो) पाइप धुतलेच नाहीत. आधीच्या खराब बॉक्सचा सगळा चुरा नव्याने बसवलेल्यात! महिन्याभरात गायमुखच्या चढावर आरपीएम 4000 आणि गाडी जागच्या जागी. मागे टीएमटीची बस हॉर्न मारतेय ते वेगळंच.

टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा भाग) गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात पूर्ण बसल्याशिवाय बोल्ट आवळू देऊ नका, पंप फुटतो. आणि हमी तोंडी नको, बिलावर लिहून घ्या.